दोनच हात

लग्न होऊन महिनाही झाला नव्हता, तेव्हा माझ्या सासूबाईंनी मला आठवडी बाजारात नेलं आणि खाटकाच्या ओट्यासमोर उभं केलं. मटण घ्यायचं असेल असं मला वाटलं. त्या खाटकाला म्हणाल्या, "आता जे कापशीन ते हिले पुरं पाहू दे."

बोकड आडवा पाडला गेला. मान ओढली, सुरी फिरली. मी तोंड फिरवलं तर सासूबाईंनी हनुवटी धरून ते परत वळवलं. रक्ताची पहिली चिळकांडी ओट्यावरून उडून माझ्या नव्या चपलेवर आली. कानात घूं घूं झालं, आणि नंतर कळलं ते एवढंच की मी चिखलात बसले आहे आणि कोणीतरी तोंडावर पाणी मारतंय.

"पुढच्या बाजारी पुन्हा येऊ," त्या म्हणाल्या.

असे चार बाजार झाले. चौथ्या वेळी मी पडले नाही. त्यांनी शाबासकी दिली नाही, भाजीच्या पिशव्या माझ्या हातात दिल्या आणि चालू लागल्या.

आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. आत्या अठ्ठावीस वर्षं सरकारी दवाखान्यात ड्रेसिंगच्या खोलीत मदतनीस होत्या. जखमा धुणं, पट्ट्या उकळणं, फरशीवरचं रक्त पुसणं हे त्यांचं काम. बैलानं पोट फाडलेला माणूस, मळणी यंत्रात पंजा गेलेली बाई, विळ्यानं नस कापलेलं पोर, सगळं त्यांच्या हाताखालून गेलेलं. जखमेत कोणी चुना भरून आणायचं, कोणी राख, कोणी तंबाखू. त्या सांगायच्या, "येईपर्यंत पांढरे झालेले असत वं. घरी चार माणसं असत, पण एकानंही दाबून धरलेलं नसे. सगळे धावतच राहत."

निवृत्त झाल्यावर त्यांच्या हातांना संधिवातानं धरलं. बोटं बाभळीच्या काट्यांसारखी चार दिशांना गेली. चहाचा कप त्यांना दोन्ही तळव्यांनी धरावा लागे. माझा नवरा, म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा, मलकापूरला नोकरीला, आठवड्यातून एकदा घरी. मग घरात हात उरले कोणाचे, तर माझे.

हे त्यांनी मला कधी समजावून सांगितलं नाही. सरळ कामाला लावलं. माझं माहेर धाड गावचं. तिथे माझ्या भावाच्या पायावर कुऱ्हाड पडली होती, तेव्हा मी दारातच कोसळले होते, आणि आईला भाऊ सोडून आधी मला उचलावं लागलं होतं. हे मीच बोलता बोलता आत्यांना सांगितलं होतं. तीच माझी चूक झाली असं मी पुढे पुष्कळ दिवस म्हणत असे.

ज्वारीचं अर्धं भरलेलं पोतं त्या माझ्यापुढे टाकायच्या. कोपरं ताठ ठेवून दोन्ही हातांनी त्यावर दाबायचं, आणि त्या थांब म्हणेपर्यंत सोडायचं नाही. त्या खाटेवर बसून हळूहळू आकडे मोजत. कोपर वाकलं की लाटणं बसे. खरंच बसे, नुसतं उगारलेलं नसे. माझ्या दंडावर हिरवेनिळे वळ असायचे. मी नवऱ्याला दाखवले, तर तो म्हणाला, "मलेबी असंच मारून पोहणं शिकवलं तिनं. सोड ना." गॅसचं रेग्युलेटर डोळे बांधून बंद करायला लावलं. जुन्या सुती लुगड्यांच्या पट्ट्या उकळून, इस्त्री करून, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून एका चौकोनी डब्यात भरल्या. डबा दाराजवळच्या खुंटीला. त्याला हात लावायचा नाही, कोणाला ताप आला तरी त्यातलं काही काढायचं नाही. दोरी, करवत, टॉर्च आणि भरलेल्या पाण्याचे दोन कॅन न्हाणीत.

न्हाणीचंही सांगायला हवं. आमचं घर टिनाचं. फक्त न्हाणीघर आणि संडास पक्क्या विटांचे, वर सिमेंटचा स्लॅब. "जोराचं वारं सुटलं का अठी यायचं," असा आत्यांचा हुकूम होता. संग्रामपूरच्या या बाजूला सातपुड्यावरून उन्हाळ्यात कधी कधी असं वारं उतरतं की म्हैस जागेवरून हलते. साधी वावटळ आली तरी आम्ही तिघी, आत्या, मी आणि माझी मुलगी, न्हाणीत जाऊन बसायचो. गल्लीतल्या बायका हसायच्या. "तुमची सासू संडासात जीव वाचवते," असं म्हणायच्या.

सर्वांत जास्त हसायचा तो शेजारी. तो मालवाहू ऑटो चालवायचा. घरात तो, त्याची बायको आणि म्हातारे वडील. वडिलांना दिसत नव्हतं, दिवसभर आतल्या खोलीत बाजेवर असायचे. घर मातीच्या विटांचं, वर टिनं, आणि टिनं उडू नयेत म्हणून त्यांवर मोठाले दगड ठेवलेले. अशी घरं आमच्याकडे गल्लोगल्ली आहेत. आत्यांनी आमच्या छपरावरचे सगळे दगड उतरवून टिनं लोखंडी हुकांनी पाइपांना आवळून घेतली होती. शेजाऱ्याला त्या दर उन्हाळ्यात सांगायच्या.

"दगड काढ ते. हूक मारून घे."

"माय, बापानं ठेवलेले दगड हायेत ते. इतक्या वर्सात एक हालला नाई."

"ज्या दिवशी हालन त्या दिवशी तुह्याच डोक्शात पडन."

तो हसून ऑटो सुरू करायचा.

मे महिना संपत आला होता. दुपारचे चार वाजले असतील. मुलगी पाच वर्षांची होती, अंगणात ठिकरी खेळत होती. मी कुरडया उचलत होते. उत्तरेकडे डोंगर दिसेनासा झाला आणि तिथे मातीच्या रंगाची एक भिंत उभी राहिली. आत्या ओट्यावर होत्या. उठता उठता म्हणाल्या, "पोरगी घे." मी कुरडयांची ताटं उचलायला वाकले तर त्यांनी ती लाथेनं उडवली. "पोरगी घे म्हटलं ना."

आम्ही न्हाणीत शिरलो. जाता जाता आत्यांनी डबा खुंटीवरून कोपरात अडकवून घेतला होता. दार टिनाचं. कडी लावून मी दोरीनं ते नळाच्या पाइपाला बांधलं, आणि तेवढ्यात वारं येऊन दारावर आदळलं. दार आत फुगलं. बाहेर काय चाललंय ते दिसत नव्हतं, फक्त आवाज होते. लोखंड फाटल्याचा, झाड मोडल्याचा, आणि मग गारांचा. गारा स्लॅबवर पडत होत्या तरी डोक्यात पडल्यासारख्या वाटत होत्या. मुलगी किंचाळत होती, पण तिचा आवाज मला येत नव्हता, नुसतं उघडं तोंड दिसत होतं. आत्यांनी तिला पोटाशी धरलं होतं. मग शेजारून एकामागून एक धप् धप् आवाज आले. दगड पडत होते.

आणि बाईची किंकाळी. ती मात्र गारांतूनही आली.

आत्यांनी मुलीला कोपऱ्यात बसवलं. "नळ पकडून बस. मी आल्याबिगर उठू नोको." मला म्हणाल्या, "दोरी सोड."

"अजून पडतंय आत्या."

"दिसते मले. सोड."

न्हाणीत एक पितळी गंज, म्हणजे खोल पातेलं, होता, तो त्यांनी माझ्या डोक्यावर उपडा घातला. स्वतः घमेलं घेतलं, डबा कोपरात होताच. अंगण ओलांडायला बारा-पंधरा पावलं. लिंबाएवढ्या गारा गंजावर बडवत होत्या, एक माझ्या खांद्यावर बसली आणि तो हात क्षणभर मेला. शेजाऱ्याच्या घराला छप्परच उरलं नव्हतं. एक टिन उडून आमच्या बदामाच्या झाडाला गुंडाळलं गेलं होतं. पुढची भिंत उभी होती, आतल्या खोलीची पडली होती.

शेजारीण उंबऱ्याशी भिंतीला टेकून बसली होती. उडत्या टिनानं तिचा उजवा दंड आतल्या बाजूनं काखेपासून कोपरापर्यंत उघडला होता. रक्त वाहत नव्हतं, उडत होतं, थांबून थांबून, समोरच्या पांढऱ्या मातीवर. खाली पडलेल्या गारा लाल झाल्या होत्या. शेजारी तिच्यापुढे उकिडवा बसून जखमेवर मूठमूठ हळद टाकत होता आणि रक्त ती हळद धुऊन नेत होतं. पुन्हा मूठ, पुन्हा रक्त.

"हात काढ," आत्या म्हणाल्या.

तो ऐकत नव्हता. त्याला ऐकूच जात नव्हतं. आत्यांनी डोक्यावरचं घमेलं काढलं आणि त्याच्या खांद्यावर हाणलं. तो बाजूला पडला.

"बस खाली," आत्या मला म्हणाल्या. "पट्टी आत भर. बोटानं. आत."

मी डबा उघडला. पट्टीची गुंडाळी जखमेत घातली. आतमध्ये गरम होतं, आणि काहीतरी माझ्या बोटाखाली उड्या मारत होतं. शेजारीण ओरडली आणि तिनं डाव्या हातानं माझे केस धरून ओढले. मी दुसरी पट्टी वर ठेवली, दोन्ही तळवे एकावर एक ठेवले आणि कोपरं ताठ केली. पहिली पट्टी भरली, लाल झाली. मी ती काढून नवी ठेवणार होते.

"काढू नोको. तिच्यावरच दुसरी ठेव. दाब."

मी सगळं अंग त्या हातांवर टाकलं. हळूहळू उड्या कमी झाल्या. रक्त उडायचं थांबून नुसतं झिरपायला लागलं. शेजारणीचे ओठ राखाडी झाले होते. आत्यांनी तिला आडवं केलं, पाय कोपरांनी उचलून पाटावर ठेवले, स्वतःचा पदर दातांनी फाडून तिच्या छातीवर टाकला. ती पाणी मागत होती, ते दिलं नाही.

तेव्हा भिंतीमागून आवाज आला.

"अरे, कोनी हाय का? माह्या आंगावर हाय काहीतरी."

म्हाताऱ्यांचा आवाज. अगदी साधा, चहाला उशीर का झाला असं विचारल्यासारखा. शेजारी उठला आणि त्या ढिगाकडे धावला. तो हातांनी विटा ओढत होता. ओली माती, एक ओढली की वरून दोन घसरायच्या. छपराचं पडलेलं लाकूड त्याच्या एकट्यानं हलत नव्हतं.

"वहिनी, या ना," तो मला म्हणाला. "एक टोक धरा फक्त."

मी आत्यांकडे पाहिलं. "जाऊ का?"

"नाई."

"एक मिनिट आत्या. तुम्ही इथं—"

त्यांनी आपले दोन्ही हात माझ्यासमोर धरले. त्या हातांनी त्यांना लुगड्याची गाठसुद्धा मारता येत नव्हती.

"तू हात उचलला तर ही गेली," त्या म्हणाल्या. मग गल्लीकडे तोंड करून ओरडायला लागल्या. कोणी आलं नाही. गारा पडत होत्या, ज्याचं त्याचं छप्पर उडालं होतं. त्या स्वतः ढिगाकडे गेल्या, कोपरांनी आणि गुडघ्यांनी माती लोटायला लागल्या. शेजाऱ्यानं लाकूड पुन्हा उचलायचा प्रयत्न केला आणि उरलेली अर्धी भिंत आत कलंडली.

त्यानंतर आवाज आला तो खोकल्याचा. मग "पोरा" असं एकदा. मग काही नाही.

मी तशीच होते. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. गारा थांबल्या, ऊन पडलं. लख्ख, पिवळं. माणसं आली, आठ-दहा जण. त्यांनी दोन मिनिटांत लाकूड उचललं. आठ जणांना दोनच मिनिटं लागली, हे मी पाहिलं. म्हाताऱ्यांना बाहेर काढलं तेव्हा त्यांच्या तोंडात माती होती. आत्यांनी बोट घालून ती काढली, छातीवर कान ठेवला, आणि लुगडं सावरून उठल्या.

शेजारणीच्या दंडावर माझे हात असतानाच आत्यांनी दोघांकडून वरून पट्टी आवळून घेतली. मला हात काढा म्हटलं तर काढता येईनात. बोटं अडकली होती. कोणीतरी ती एकेक करून उघडली. तिला निखळलेल्या दारावर निजवून तिच्याच नवऱ्याच्या ऑटोत घातलं. आत्या मुलीला न्हाणीतून काढायला थांबल्या, मी शेजारणीबरोबर बसले. रुग्णवाहिकेला फोन लागत नव्हता, आणि गावाच्या तोंडाशी लिंबाचं झाड रस्त्यावर आडवं पडलं होतं. आमची करवत तिथे कामी आली. चौघांनी पाळीपाळीनं फांद्या कापून ऑटोपुरती वाट केली. ऑटो शेजारी चालवत होता. बापाला अंगणात चादरीखाली सोडून तो बायकोला घेऊन निघाला. वाटभर तो फक्त खड्डा आला की "पकडा" म्हणायचा.

दवाखान्यात तिला टाके घातले, रक्त दिलं, मग पुढे खामगावला पाठवलं. ती वाचली. मी दवाखान्याच्या मागच्या नळावर हात धुतले, आणि तिथे ओकले. चक्कर आली नाही.

शेजारी पुढे कित्येक महिने आमच्याशी बोलला नाही. गावात कुजबुज होती, की म्हातारीनं सुनेला धरून ठेवलं म्हणून बाप मेला. दिवाळीच्या आधी एका सकाळी तो आमच्या अंगणात आला. हातात सब्बल होती, म्हणजे जमीन खणायची लोखंडी पहार. पिऊन आला नव्हता. आत्या ओट्यावर लसूण सोलायचा प्रयत्न करत होत्या. मी मुलीला आत ढकललं आणि दारात उभी राहिले.

"माह्या बापाले काऊन नाई काढलं?" त्यानं विचारलं.

आत्यांनी लसूण खाली ठेवला. "हात नव्हते," त्या म्हणाल्या.

"हिचे होते ना."

"हिचे तुह्या बायकोत होते."

त्यानं सब्बल उचलली. मला वाटलं आता आत्यांच्या डोक्यात घालतो. मी पुढे झाले तर आत्यांनी नजरेनंच मला थांबवलं. त्यानं ती दाराच्या चौकटीवर हाणली. लाकूड फुटलं, ढलपी उडून माझ्या गालाला लागली. पुन्हा हाणली, पुन्हा. चौकट खिळखिळी होईपर्यंत हाणत राहिला. मग दमला आणि तिथेच मातीत बसला.

आत्या बसल्या जागेवरून म्हणाल्या, "एकच पोरगी शिकवली मी. मले वाटलं माह्या घरापुरतं झालं. चार शिकवाले पाह्यजे होत्या. ते माह्यं चुकलं." मग लसूण पुन्हा पुढे ओढत म्हणाल्या, "दगडाचं तुह्यं चुकलं."

तो उठला. सब्बल तिथेच टाकून गेला. दोन दिवसांनी सुतार आला आणि चौकट बसवून गेला. कोणी पाठवला ते त्यानंही सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

त्या हिवाळ्यात आत्यांनी गल्लीतल्या बायकांना अंगणात बोलावलं. पहिल्या दिवशी अकरा आल्या. पोत्यावर दाबायचं, पट्टी भरायची, पडलेलं लाकूड तिघींनी मिळून तरफेनं कसं उचलायचं. लाटणं त्यांनाही बसलं, म्हणून दुसऱ्या आठवड्यात सहाच उरल्या. शेवटी तिघी. त्यांतली एक अजून रक्त पाहून डोळे मिटते. पण तिघींच्या दाराशी आता डबे आहेत, आणि कोणाचा आवाज आला तर कोणी कुठे धावायचं ते ठरलेलं आहे. याच्यापुढे मी फार काही सांगू शकत नाही. शेजाऱ्याच्या घराला आता हूक आहेत. गल्लीच्या टोकाच्या तीन घरांवर दगड अजून आहेत.

शेजारणीचा हात राहिला, पण करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट यांना काही कळत नाही. चुलीशी ती दोन बोटं भाजतात आणि तिला वास आल्यावर समजतं. म्हणून अधूनमधून मी तिचा हात उलटापालटा करून पाहते. परवाच्या उन्हाळ्यात ती अशीच माझ्यासमोर बसली होती. करंगळीवर रुपयाएवढा फोड आला होता. मी तिचा हात नळाखाली धरला होता.

"त्या दिवशी मामांजीचा आवाज मलेबी येत होता," ती म्हणाली.

मी वर पाहिलं.

"मी सुदीत होती. सगळं आयकू येत होतं. तू आत्याले विचारलं, जाऊ का. मले वाटलं तू जाशीन. म्हणून मी तुह्या लुगड्याचा काठ धरून ठेवला होता. या दुसऱ्या हातानं."

मला त्या दिवशी असं काही जाणवलं नव्हतं. केस ओढले ते आठवत होतं. काठाचं आठवत नव्हतं.

"त्याईले सांगितलं का तू?" मी विचारलं. म्हणजे तिच्या नवऱ्याला.

"नाई."

नळाचं पाणी चालू होतं. करंगळीला गार लागतंय की नाही ते तिला कळत नव्हतं, म्हणून किती वेळ धरायचं ते मीच ठरवत होते. मी मनात आकडे मोजले, आत्या मोजायच्या तसे, हळूहळू. मग हात पुसला, फोडावर स्वच्छ फडकं सैलसर बांधलं, आणि तिला म्हटलं की आता दोन दिवस भांडी मी घासून देईन.